फॉलोअर ५६ लाख, मते १५५

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत वर्सोव्यातून अभिनेते एजाज खान उभे होते. इन्स्टाग्रामवर त्यांचे फॉलोअर ५६ लाख. यंत्रातून मते निघाली १५५. ‘नोटा’लासुद्धा तिथे १,२९८ मते पडली होती. या आकड्यांवर भरपूर विनोद झाले, पण त्यामागचे गणित कोणी फारसे उलगडले नाही.

फॉलोअरांची संख्या म्हणजे नुसता अंश. छेद हवा तो मतदारयादीचा. महापालिका निवडणुकीचेच पाहा: मुंबईचे २२७ प्रभाग धरले, तर २०११ च्या जनगणनेनुसार एका प्रभागात सरासरी ५५ हजार माणसे येतात. त्यातले मतदार आणखी कमी. फॉलोअर मात्र लातूरचा असतो, दुबईचा असतो, पंधरा वर्षांचाही असतो; इन्स्टाग्रामला तेरा वर्षे पूर्ण असली की चालते, मतदानाला अठरा पूर्ण लागतात. विरोधकांचे कार्यकर्ते पाळत ठेवायला फॉलो करतात, ते वेगळेच. शिवाय विकतची बनावट खाती. खातेदाराला आपले फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत एवढे दिसते, प्रभाग दिसत नाही. बाहेरून अंदाज बांधणाऱ्याला तेही कळत नाही.

तरीही समाजमाध्यमांवरच्या अशा मोजणीची भुरळ शास्त्रज्ञांना पडली होती. जर्मनीत २००९ साली संसदेची निवडणूक झाली. म्युनिकच्या संशोधकांनी लाखभर ट्वीट तपासली आणि २०१० मध्ये जाहीर केले की, पक्षांचे नाव ट्विटरवर ज्या प्रमाणात घेतले गेले, जवळपास त्याच प्रमाणात त्यांना मते मिळाली. या निबंधाचा मोठा बोलबाला झाला. मग आंद्रेआस युंगहेर आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: मोजणीत संसदेतलेच सहा पक्ष का? नेटकऱ्यांचा लाडका पायरेट पक्ष धरला, तर सर्वाधिक उल्लेख त्याचेच होते. प्रत्यक्षात त्याला मिळाली दोन टक्के मते. कोणाला मोजायचे हे निकाल पाहून ठरवले, तर भाकीत बरोबर येणारच!

स्पेनमधील संशोधक दानिएल गायो-अवेयो यांचा आक्षेप मला याहून मोलाचा वाटतो. अशी बहुतेक ‘भाकिते’ निकालानंतर केलेली असतात, हे त्यांनी दाखवून दिले. आणि पद्धत चांगली ठरवायची, तर ‘सध्याचाच प्रतिनिधी पुन्हा निवडून येईल’ या ठोकळ अंदाजाला तिने हरवले पाहिजे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात तो ठोकळ अंदाजच बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास खरा ठरतो. त्यापुढे ट्वीट मोजण्याचा खटाटोप कशाला?

नमुना प्रचंड असला की तो खरा, हा समज तर इंटरनेटच्याही आधीचा. १९३६ मध्ये अमेरिकेच्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा करून राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट निवडणूक हरणार असे छापले. ते ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारधारकांच्या याद्यांतून घेतलेले, आणि उत्तर पाठवणारेही स्वतःहून पुढे आलेले. फॉलोअरसुद्धा असेच स्वतःहून आलेले.

मग हा आकडा अगदीच टाकाऊ का? तसेही नाही. न्यूझीलंडच्या २०११ च्या निवडणुकीवरील एका अभ्यासात, उमेदवाराचे जाळे मोठे तर मते थोडी जास्त, असा संबंध आढळला. पण तो इतका लहान, की अटीतटीच्या लढतीतच त्याचा काही उपयोग. त्यातही कार्यकारण कोणते? लोकप्रिय माणसाला फॉलोअर आणि मते दोन्ही मिळतात. फॉलोअरांमुळे मते मिळाली असे त्यातून सिद्ध होत नाही. पक्षांनी तिकीट देताना इच्छुकाचा हा आकडा विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; विचारायचेच तर त्यातले किती जण प्रभागाच्या यादीत आहेत ते विचारावे.

आणि अटीतटीची लढत कशाला म्हणायचे? २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये सुरेंद्र बागलकर आणि अतुल शहा यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. निकाल चिठ्ठी काढून लागला. शहा नगरसेवक झाले.