असं का होतं? : सकाळी गाडीचा बेल्ट का ओरडतो?

पावसाळ्यातली सकाळ. निगडी-चिंचवडच्या एखाद्या सोसायटीत १९९८ साली बाजारात आलेल्या, इथेच पिंपरीत बनलेल्या इंडिकासारखी जुनी गाडी सुरू होते आणि बॉनेटखालून कर्कश आवाज येतो. मिनिटभरात तो थांबतोही.

हा आवाज अल्टरनेटरच्या बेल्टचा. इंजिनची पुली या रबरी बेल्टने अल्टरनेटर फिरवते आणि त्यातून वीज तयार होते. स्टार्टरने बॅटरीतली वीज खर्च केलेली असते. ती भरून काढताना अल्टरनेटर फिरवायला जड जातो. त्यातच बेल्ट सैल, झिजलेला किंवा ओलसर असेल, तर तो पुलीवर क्षणभर चिकटतो, क्षणात घसरतो. सेकंदाला शेकडो वेळा हे घडलं की रबर थरथरतं. फळ्यावर खडू किंचाळतो तसंच. बॅटरी भरत जाते, बेल्ट कोरडा होतो आणि आवाज विरतो.

इंजिन बंद करून बेल्ट तपासा. भेगा, चकाकी किंवा तेलाचे डाग दिसले तर नवा बसवा. नुसता सैल असेल तर ताण वाढवून घ्या. मात्र जास्त ताणल्यास बेअरिंग खराब होतं. नवा बेल्टही ओरडला, तर पुली एका रेषेत आहेत का ते पाहायला सांगा.

आवाज दाबायला साबण किंवा ग्रीस मात्र लावू नका; बेल्टचा बिघाड तसाच राहील. अनेक गाड्यांत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर चाकणच्या वाहतूक कोंडीत इंजिन तापेल. म्हणून आवाज ऐकताच गॅरेज गाठा.