पायलटची जमिनीवरची तालीम

घाटकोपरच्या गच्चीवरून विमानतळाकडे उतरणारी विमाने रोज दिसतात. मुले ती मोजतात. घरातले कुणी दुबईला किंवा जेद्दाहला निघाले असेल तर आपण मनातल्या मनात दुआ करतो. त्या विमानाच्या पायलटची तयारी कशी होते, ते आज पाहू.

सुरुवात एका दुःखद रात्रीपासून करावी लागते. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा कल दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते, असे भारतीय चौकशीत निघाले. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडेच कललेले दिसत होते. म्हणून कॅप्टन ते डावीकडे झुकवत गेले. असाच कल दाखवणारी आणखी दोन यंत्रे कॉकपिटमध्ये होती. पण ती ताडून पाहायला वेळ उरला नाही.

अनुभवी माणूस असा कसा फसतो? तोल सांभाळणारा आपला आतला कान सावकाश होणारे झुकणे ओळखत नाही. काळोखात, समुद्रावर क्षितिज दिसत नाही, तेव्हा शरीर खोटी साक्ष देते.

म्हणूनच सिम्युलेटर. हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर धावपट्टीचे चित्र आणि खाली हलणारे सहा पाय. कॉकपिट मागे कलले की आतल्याला वेग वाढल्यासारखे वाटते. मागे बसलेला प्रशिक्षक एक बटण दाबून इंजिन बंद पाडतो, कधी यंत्राला खोटे बोलायला लावतो. खऱ्या विमानात असले धाडस कोण करील? नोकरीतल्या पायलटांनाही ठरावीक मुदतीने ही परीक्षा द्यावीच लागते. तिथे दोन सवयी अंगी बाणवतात: तिन्ही यंत्रे ताडून पाहायची, आणि कॅप्टन चुकत असेल तर धाकट्याने स्पष्ट सांगायचे, गरज पडल्यास विमान हाती घ्यायचे.

तुमचा मुलगा किंवा मुलगी पायलट व्हायचे म्हणत असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण हवे. त्यानंतर मोठ्या विमानाचे शिक्षण सिम्युलेटरवर होते. खर्च मोठा आहे, हे आधीच धरून चाला. आणि घरात मोठ्यांची चूक अदबीने दाखवायची मुभा मुलांना आजपासूनच द्या. कॉकपिटमध्ये ती सवय त्यांच्या कामी येईल.