आधी नकाशा, मग कूच

आज हजरतगंजातून बोलतोय.

गेल्या आठवड्यात इथल्या कॉफी हाऊसमध्ये माझ्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार भेटले. मूळचे साताऱ्याकडचे, आता लखनौकर. बारा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी तिसऱ्याच आठवड्यात सोडला होता. म्हणाले, "साहेब, आता डोकं चालत नाही. आपलं वय नाही हे." मी त्यांचा मोबाइल पाहिला. सगळे व्हिडिओ पाहून झालेले, वहीत सुरेख टिपणं. पण स्वाध्याय एकही सोडवलेला नाही, कारण तो कुठे असतो हेच सापडलं नव्हतं. मंडळी, डोकं शाबूत होतं. वाट चुकली होती.

फौजेत नकाशा हाती आला की आधी दिशा जुळवायची, मग आपण कुठे उभे आहोत ते शोधायचं, मगच कूच करायचं. पडद्यावरही हाच क्रम ठेवा.

उदाहरण म्हणून 'स्वयम्' घेऊ. केंद्र सरकारनं 2017 साली सुरू केलेलं हे व्यासपीठ. इथल्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा. व्हिडिओ हा त्यातला फक्त एक. त्यावरील 'एनपीटीईएल'चा अभ्यासक्रम उघडलात की डावीकडे आठवड्यांची यादी दिसते. मोबाइलवर ती तीन आडव्या रेघांमागे दडलेली असते. त्या रेघांवर बोट ठेवा. आठवड्याच्या नावावर टिचकी मारली की आतले धडे उलगडतात आणि स्वाध्यायही तिथेच सापडतो. 'अनाउन्समेंट्स'मध्ये सूचना येतात, 'प्रोग्रेस'मध्ये तुमचे गुण दिसतात. पहिल्या दिवशी काहीही शिकू नका. अर्धा तास नुसती ही सगळी दारं उघडून पाहा.

आता तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

पहिली, स्वाध्यायाची अंतिम तारीख. उत्तरं निवडून थांबू नका, 'सबमिट' दाबा. मुदतीपर्यंत उत्तरं बदलून पुन्हा पाठवता येतात; शेवटी पाठवलेली धरली जातात. त्यामुळे चुकण्याची भीती नको.

दुसरी, परीक्षेची नोंदणी. अभ्यासक्रमाला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं, असं होत नाही. शिकणं मोफत आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क आणि केंद्रावर जाऊन परीक्षा.

तिसरी, आपला ईमेल पत्ता. ज्या पत्त्यावरून नाव नोंदवलं, त्याच पत्त्यावरून रोज प्रवेश करा आणि परीक्षेची नोंदणीही त्यावरूनच करा. घरात मुलांचे, नातवंडांचे चार पत्ते एकाच फोनवर असतात. पत्ता बदलला की केलेला अभ्यास गायब झाल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो, तुम्ही दुसऱ्याच दारात उभे असता.

आणि उशीर झाला म्हणून सोडू नका. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्यायांचेच गुण मोजतात. अंतिम गुणांत स्वाध्यायांना 25 टक्के आणि परीक्षेला 75 टक्के वजन असतं. सुभेदारसाहेबांचे दोन स्वाध्याय हुकले होते, दहा अजून हातात होते. हिशेब ऐकून त्यांनी कॉफी बाजूला सारली, चष्मा लावला आणि तिथेच तिसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय उघडला.

तुम्हीही अर्धवट सोडलेला एखादा अभ्यासक्रम आज उघडा. व्हिडिओ लावू नका. आधी फक्त यादी पाहा आणि आपण कुठे उभे आहोत ते शोधा.

जय हिंद.