विरजणाची वाटी

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला, की आमच्या घरात थंडीची पहिली वर्दी देते ती खोबरेल तेलाची बाटली. वर्तमानपत्रातला तपमानाचा चौकोन त्यानंतर. २४ अंशांच्या आसपास खोबरेल थिजतं हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. वर्तकनगरच्या आमच्या न्हाणीघरातल्या फळीवर ते आपोआप कळलं. सकाळी घाईघाईनं केस विंचरायला घ्यावेत, बाटली उपडी करावी, आणि आतून थेंबसुद्धा येऊ नये! मग ती बाटली कधी गॅसच्या शेजारी, कधी खिडकीतल्या उन्हात. लोकल काही आपल्या वेणीसाठी थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, ठाण्यात कसली आलीय थंडी? खरं आहे. मुंबईच्या थंडीचा विक्रम म्हणून जो सांगतात, तो सांताक्रूझच्या वेधशाळेतला २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंशांचा. तसं पुन्हा काही झालं नाही. पण वर्तकनगर हे येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, पलीकडे उपवनचं तळं. पहाटे डोंगरावरून जो वारा उतरतो, तो स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना ठाऊक नाही. त्यातून गंमत अशी, की लोकरीच्या कापडासाठी देशभर नाव असलेली रेमंडची गिरणी अगदी आमच्या शेजारी, पोखरण रोडवर. १९२५ सालापासून ठाण्यात लोकर विणली जात होती, आणि आम्ही ठाणेकर मात्र वर्षातून जेमतेम वीस दिवस स्वेटर घालणार! उरलेले अकरा महिने तो डांबराच्या गोळ्यांच्या वासात ट्रंकेत पडून.

आम्ही राहत होतो म्हाडाच्या जुन्या इमारतीत. लिफ्ट नाही, त्यामुळे जिना हाच आमचा चौक. त्या जिन्यात बायकांना नावानं हाक नसे, माहेरच्या मुलखानं असे. एक कोल्हापूरच्या वहिनी, एक नागपूरच्या, एक मालवणच्या आणि एक निफाडच्या. मी पुण्याची, म्हणून मला ‘पुणेकर’ म्हणत; त्यात थोडा टोमणाही असावा. थंडी पडली, की या पाच मुलखांची पाच प्रकारची थंडी त्या एका जिन्यात भांडायला उतरे. नागपूरच्या वहिनी म्हणत, ‘ही काय थंडी आहे का जी? याला आमच्याकडे पंखा लावून झोपतात.’ निफाडच्या वहिनींचा तर थाटच निराळा. राज्यातलं नीचांकी तपमान म्हणून हिवाळ्यात अनेकदा निफाडचं नाव छापून येतं. तिथल्या गहू संशोधन केंद्रात त्याची नोंद होते. तो आकडा वाचून दाखवण्याचा हक्क त्यांचा. चहाच्या वेळी पेपर घेऊन त्या दारात उभ्या राहत आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगत, ‘आज आमचं निफाड पुन्हा पहिलं!’

हिवाळ्याची कामं तशी सुखाची. पण कामंच ती. गोधड्या-रजया गच्चीवर नेऊन उन्हं दाखवायची, डिंक तळायचा, खारीक कुटायची, आवळे किसायचे, गाजरं किसताना बोटं किसायची. मटार स्वस्त झाला, की प्रत्येकीच्या घरी पाच-पाच किलोची पिशवी येई. तो सोलायचा मुहूर्त रविवारी दुपारी, गच्चीवर, टाकीच्या सावलीत. आठवड्यात मी तो लोकलमध्येही सोललेला आहे. १९९२ साली उपनगरी मार्गांवर केवळ बायकांसाठी गाड्या सुरू झाल्या तेव्हा पेपरांत कौतुक छापून आलं; पण भाजी निवडायला आम्हांला खास गाडी कधी लागली नव्हती. बायकांचा नेहमीचा डबा पुरत असे. मांडीवर ओढणी, ओढणीत शेंगा. कुणाची ओळखदेख नसलेली बाई शेजारून हात घालून चार शेंगा सोलून देई आणि मुलुंड येईतो तिच्या सुनेचं सगळं सांगून मोकळी होई.

गच्चीवरच्या बैठकीत मात्र सुनांचं, सासवांचं फारसं निघत नसे. एक अलिखित नियमच होता, की तक्रार करायची ती लहान. पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि हात गारठतात, पायाला भेगा पडल्या, मुलाचा स्वेटर आखूड झाला, सिलिंडर विसाव्या दिवशीच संपला. मोठं दुःख पायऱ्या चढून वर कुणी आणत नसे. पण आम्ही काही खुळ्या नव्हतो. सिलिंडर विसाव्या दिवशी संपला, याचा अर्थ दीर-जाऊ महिनाभर मुक्कामाला आहेत. स्वेटर आखूड झाला आणि तरी नवा आला नाही, याचा अर्थ बोनसचं काही खरं नाही. ऐकणारी काही बोलत नसे. पण दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा न बसणारा स्वेटर ‘नुसता पडून आहे हो, उंदीर लागतील’ म्हणून खाली जाई. मालवणच्या वहिनी पायांच्या भेगांचं ऐकलं, की कोकमाच्या तेलाचा गोळा आणून देत. तो पळीत वितळवून रात्री टाचांत भरायचा. मलमांच्या जाहिराती टीव्हीवर कितीही लागोत, त्या गोळ्याची सर कशाला नाही, हे माझं आजही मत आहे.

सगळ्यांत मोठी लहान तक्रार दह्याची. थंडीत दही लागत नाही. विरजणातले ते जिवाणू उबेचे भोक्ते. साधारण ४० अंशांला ते खुशीत काम करतात आणि ओट्यावर गारवा असला, की झोपी जातात. त्यावर प्रत्येकीचा उपाय वेगळा. कोणी भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवी, कोणी दुधात मिरचीचं देठ टाकी, कोणी कुकरच्या गरम पाण्यात बसवी. नागपूरच्या वहिनींनी एकदा ते रजईत, झोपलेल्या नवऱ्याच्या पायाशी ठेवलं होतं. पुढचं सांगत नाही. आणि एवढं करून सकाळी भांड्यात दूधच दिसलं, की हातात वाटी घेऊन जिना उतरायचा किंवा चढायचा, ‘चमचाभर विरजण आहे का हो?’ ही वाटी हिवाळाभर फिरती असे. त्यामुळे आमच्या जिन्यातल्या पाचही घरांचं दही एकाच वंशाचं होतं म्हणायला हरकत नाही.

१९९५ सालच्या नोव्हेंबरात निफाडच्या वहिनींचे यजमान गेले. काही आजारपण नाही, काही नाही. संध्याकाळी कामावरून आले आणि रात्री गेले. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. आम्ही पाळीपाळीनं डबे दिले. मग नातेवाईक आपापल्या गावी गेले, मुलगा कॉलेजात जाऊ लागला, आणि वहिनी घरात एकट्या राहिल्या.

त्या रडत असत्या तर आम्हांला कळलं असतं काय करायचं ते. त्या रडत नव्हत्या. दारात भेटल्या, तर म्हणत, ‘सगळं ठीक आहे.’ पाणी आलं का वहिनी? आलं. मुलाची सर्दी? बरी आहे. डिसेंबर लागला, पेपरात निफाडचा आकडा येऊ लागला, आणि तो वाचायला दारात कोणी येईना. जी बाई पावभर तुरीच्या शेंगांत चार किडक्या निघाल्या म्हणून भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घाली, तिची एकही तक्रार उरली नव्हती. त्या ‘ठीक आहे’ला आम्ही घाबरलो, पण करायचं काय हे कळत नव्हतं. मोठ्या दुःखाबद्दल कसं बोलायचं ते आम्ही कधी शिकलोच नव्हतो.

कोल्हापूरच्या वहिनी एका सकाळी रिकामी वाटी घेऊन वर गेल्या. त्यांच्या घरी त्या दिवशी पातेलंभर दही घट्ट लागलेलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या त्या दीड तासानं खाली आल्या. वाटी तशीच रिकामी.

‘विरजण नाही मिळालं?’ मी विचारलं.

‘त्यांच्यात दहीच लावत न्हाईत आता. मला म्हणाल्या, दही ह्यांनाच लागायचं.’

त्या पायरीवर बसल्या. मीही बसले. मला ऑफिसला उशीर झाला तो झाला.

मग म्हणाल्या, ‘मी सांगून आलेय. उद्यापासून आमचं दूध तुमच्याकडं लावायला देणार. आमच्या घरात वारं फार येतंय.’

वारं कसलं! त्यांचं स्वयंपाकघर आमच्या सगळ्यांत उबदार होतं. पण दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचं पातेलं वर गेलं, चार दिवसांनी माझं, मग मालवणचं. आठवड्याभरात निफाडच्या ओट्यावर पाच पातेली रांगेनं टॉवेल पांघरून बसली. दहाव्या-बाराव्या दिवशी वरून आवाज आला. वहिनी जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत होत्या, ‘पुणेकर! दुधात पाणी किती घालतो तुमचा भय्या? हे काय दही आहे? ताक आहे, ताक!’ मी स्वयंपाकघरात उभी होते. पदरानं डोळे पुसले आणि तेवढ्याच मोठ्यानं ओरडले, ‘येऊन सांगा त्याला तुम्हीच!’

इथवरची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. पुढची फारशी सांगत नाही, कारण तिच्यात आमची फुशारकी नाही.

त्या जानेवारीत हलवा करायचं ठरलं. नागपूरच्या वहिनींच्या मुलीची पहिली संक्रांत होती, दागिने करायचे होते. हलव्याचं काम थंडीतलंच. थंडी असली तर काटा छान फुलतो. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं, तासन् तास. बोटं भाजतात, पाठ मोडते. निफाडच्या वहिनींचा हात त्यात तयार. पहाटे चारला उठून त्यांनीच बहुतेक हलवा केला. पांढराशुभ्र, काटेरी.

आणि मग हळदीकुंकवाचा दिवस आला. त्यांना बोलवायचं की नाही? तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, रीत ती रीत. आम्ही चौघी शिकलेल्या, दोघी नोकरी करणाऱ्या. चर्चा खूप केली. शेवटी जो तोडगा काढला तो भित्र्या माणसांचा: बोलवायचं, तिळगूळ द्यायचा, वाण द्यायचं. वाण त्या वर्षी स्टीलच्या वाट्यांचं होतं. त्या आल्या. माझ्याच हातात करंडा होता. रांगेनं कुंकू लावत त्यांच्यापाशी आले आणि माझा हात थांबला. त्यांनीच हसून वाटी उचलली आणि म्हणाल्या, ‘बरी आहे, विरजणाला होईल.’ कोणी काही बोललं नाही. मी पुढच्या बाईकडे वळले.

ती इमारत आता नाही. वर्तकनगरच्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासात गेल्या. रेमंडची गिरणी बंद झाली, तिच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. आम्हीही पांगलो. नागपूरच्या वहिनी मुलीकडे बंगलोरला, मालवणच्या डोंबिवलीला, निफाडच्या कल्याणला. मी तेवढी वर्तकनगरातच, सतराव्या मजल्यावर. जिना आहे, पण तो आगीच्या वेळी वापरायचा. शेजारच्या दारामागे कोणाचं दही लागतं, कोणाचं नाही, मला ठाऊक नाही. तक्रारी आता फोनवर होतात. थंडीत पहाटे सहालाच पहिला आवाज येतो, ‘गुडघे धरलेत बाई.’ मटार सोलताना एकीनं फोन लावायचा आणि स्पीकरवर ठेवून द्यायचा. एकमेकींच्या शेंगा तडकल्याचा आवाजसुद्धा येतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही, मंगळसूत्र तोडणं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हेरवाड आलं नाही, तो करंडा आला. कोल्हापूरच्या वहिनींचा फोन आला, ‘आमच्याकडच्या गावानं केलं बघा. आपल्याच्यानं झालं नव्हतं.’

२०२३ च्या संक्रांतीला मी निफाडच्या वहिनींना घरी बोलावलं. माझं दही तीन दिवस लागलं नव्हतं; हे खरं होतं, निमित्त नव्हतं. कल्याण ते ठाणे वीस किलोमीटर, त्या लोकलनं आल्या, पिशवीत विरजणाचा डबा. आल्या आल्या सुरुवात: गाडीत उभं राहायला जागा नाही, रिक्षावाल्यानं लांबून आणलं, डब्याचं झाकण सैल, रुमाल सगळा दह्यानं भिजला, आणि एवढ्या उंचावर राहून तुमच्या घराला वारा कसला तो नाही. मी ऐकत होते. मग करंडा आणला. हात पुन्हा थोडा थांबला असावा, कारण त्या म्हणाल्या, ‘लाव ग. पण बारीक लाव. मला मोठं शोभत नाही.’

बारीक लावलं. त्यांनी आरशात पाहिलं, वाकडं लागलंय म्हणाल्या, आणि मग सोफ्यावर बसून आजचा पेपर मागितला. निफाडचा आकडा बघायचा होता.