उजेडाला बिचकणारा मेंदू

सेनेगलच्या काझामान्स भागातून आणलेल्या बबून माकडांपुढे १९६०च्या दशकात संशोधकांनी लुकलुकता दिवा धरला आणि त्यांतल्या कित्येकांना चक्क आकडी आली! माणसांतही साधारण चार हजारांत एकाला उजेडाने चेतणारा अपस्मार असतो. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी उघडझाप सर्वांत वाईट. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा पडदा सेकंदाला १२ वेळा चमकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं.

मला मात्र याहून नवल वाटतं ते औषधाच्या चाचणीचं. एरवी फिट कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे गोळीचा गुण कळायला महिनोन्‌महिने नोंदी ठेवाव्या लागतात. उजेडाच्या अपस्मारात मात्र डोक्याला मेंदूच्या विद्युतलहरी टिपणाऱ्या ईईजीच्या तारा लावायच्या, दिव्याचा वेग वाढवत न्यायचा आणि मेंदूच्या लहरी कोणत्या वेगाला बिघडतात, कुठे पुन्हा ताळ्यावर येतात ते टिपायचं. लहरी बिघडताच दिवा बंद. फिट येऊच द्यायची नाही. एक दिवस औषध नसलेली गोळी, दुसऱ्या दिवशी खरी. लहरी बिघडवणाऱ्या वेगांचा हा पट्टा आक्रसला, की गोळी मेंदूपर्यंत पोचली! लेव्हेटिरासिटॅम या अपस्मारावरच्या औषधाची पारख अशीही झाली आहे, तीही मूठभर रुग्णांवर.

मग पूरक आहाराचं काय? एनर्जी ड्रिंकमधलं टॉरिन १९७०च्या दशकात अशा बबूनांवर तपासलं गेलं. पण रक्तातून मेंदूत शिरताना कडक नाकाबंदी असते आणि टॉरिन तिथे सहजी पार होत नाही. बी-६ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. मेंदूला आवर घालणारं ‘गाबा’ तयार व्हायला ते लागतंच. एका दुर्मीळ जनुकीय दोषाने तान्ह्या बाळांना येणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या आकड्या बी-६ने थांबतात. म्हणून ते उजेडाच्या अपस्मारालाही चालेल, असं मात्र मुळीच नाही. चालू औषध सोडून तर नाहीच नाही.

माशाच्या तेलातलं ओमेगा-३ पेशींच्या आवरणात मुरायलाच आठवडे लागतात. तिथे दोन दिवसांची चाचणी काय कामाची? लांबवावी, तर एका जागरणानेही तो पट्टा हलू शकतो. शिवाय ढेकरेला मासळीचा वास आला, की खरी कॅप्सूल कोणती हे रुग्णाला कळलंच! म्हणून काही चाचण्यांत खोट्या कॅप्सूलमध्येही माशाच्या तेलाचा थेंब घालतात.