रातकिड्याने काय खाल्ले?

सिडनीला भाचीकडे तीन महिने राहिलो, तेव्हा तिच्या मुलाच्या खोलीत काचेच्या पेटीत एक हिरवा झाडबेडूक होता. तिकडे परवाना काढून, पैदाशीतले असे बेडूक पाळता येतात. या जातीचे सिडनीशी जुने नाते आहे. १७८८ साली कैद्यांना घेऊन आलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबरचा शल्यवैद्य जॉन व्हाइट, त्याच्या १७९० च्या पुस्तकात तिचे पहिले वर्णन सापडते. दारूत बुडवून पाठवलेला नमुना निळा पडला, आणि हिरव्यागार प्राण्याच्या शास्त्रीय नावात ‘निळा’ कायमचा जाऊन बसला.

एका रात्री हा बेडूक रातकिड्यावर झेपावला आणि किडा तोंडातून निसटला. पुन्हा तेच. भाचीने ओल्या हाताने त्याला उचलले, तर खालचा जबडा रबरासारखा वाकत होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात हाडे जेमतेम उमटली होती. मुलगा रडवेला होऊन मला विचारत राहिला, “मामाआजोबा, तो तर पोटभर खायचा. मग असं कसं?”

माझे प्राणिशास्त्र बारावीपर्यंतचे. पुढचे सारे वह्या, भिंग आणि उसनी पुस्तके यांच्या आधाराने. पण पंचवीस वर्षे किडेच पाहत आलो असल्याने हा प्रश्न मला सोडवेना.

बेडूक भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः हालचालीवरून. जेरोम लेटविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले, की बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणारे काही तंतू लहान, गडद, हलत्या ठिपक्यालाच जागे होतात. मेलेल्या माशांचा ढीग पुढ्यात असला तरी बेडूक उपाशी राहील. रानात निदान दहा प्रकारचे किडे समोरून जातात. पेटीत जे हलेल ते गिळायचे, आणि काय हलेल हे आपण ठरवायचे.

दुकानात सहज मिळतो तो रातकिडा. तो चपळ असतो, बेडकाला पळवतो, म्हणून मला तो आवडतोही. पण त्याचा सांगाडा कायटिनचा, चुन्याचा नव्हे. हाडे टिकायची तर आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवे. रातकिड्यात नेमके उलटे, फॉस्फरसच कित्येक पट. रक्तातले कॅल्शियम घटले की शरीर ते हाडांतून काढून घेते, कारण हृदय आणि स्नायू थांबून चालत नाहीत. पोट भरत असते आणि घराचे वासे मात्र एकेक विकले जात असतात.

पिठातल्या अळ्या या हिशेबात रातकिड्याहून बऱ्या नाहीत. मेणकिड्याच्या अळ्या (आपल्याकडे मधमाश्यांच्या पोळ्यांचे वाटोळे करणाऱ्या त्याच) म्हणजे तर निव्वळ चरबी. हा बेडूक मुळातच आळशी. लठ्ठ झाला की कानाच्या पडद्यावरची घडी ओघळू लागते. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी तेवढी अपवाद, ती कातडीत चुना साठवते. पण बेडूक चावत नाही, अख्खे गिळतो. माउंटन चिकन नावाच्या कॅरिबियन बेडकांवरच्या अभ्यासात अख्ख्या अळीतले कॅल्शियम ठेचलेल्या अळीपेक्षा बरेच कमी अंगी लागलेले दिसले.

म्हणून मी किडा बदलण्यापेक्षा किड्याला जेवू घालण्यावर भर देतो. डबीतून आलेला रातकिडा बहुधा उपाशीच असतो. बेडकाला देण्याआधी एक-दोन दिवस त्याला कॅल्शियम घातलेले खाद्य, हिरवा पाला, गाजर, भोपळा द्यावा. सोडण्याच्या क्षणी पिशवीत कॅल्शियम आणि ड-३ ची भुकटी घालून किडे हलवावेत आणि लगेच पेटीत सोडावेत. रातकिडा टापटिपीचा, भुकटी झटकून, चाटून साफ करतो. अ जीवनसत्त्वासाठी नुसत्या गाजरावर विसंबू नये, ते मधूनमधून भुकटीतूनच जावे. वायोमिंगच्या दुर्मीळ भेकांच्या बंदिस्त पैदाशीत ते कमी पडले, तेव्हा जिभेचा चिकटपणा गेला आणि समोरचा किडा त्यांना पकडता येईना.

किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. उरलेले किडे रात्री पेटीत ठेवू नयेत, ते झोपाळू बेडकालाच कुरतडतात. बागेतले धरून घालू नयेत. फवारणी कुठे झाली हे कोणाला ठाऊक? पालट म्हणून तिकडे राखी झुरळे विकत मिळतात. भाचीने ती घरात आणू दिली, पण डबा गॅरेजमध्ये, आणि झाकणावर वीट.

बेडूक वाचला. जबडा किंचित वाकडाच राहिला, नेम अजून कधी कधी चुकतो. मी परतल्यावर मुलाने फोटो पाठवला, तो बेडकाचा नव्हता. रातकिड्यांच्या डब्यात लाल भोपळ्याची फोड आणि तिच्यावर बारा-पंधरा रातकिडे. खाली लिहिले होते, “मामाआजोबा, हे आज जेवतील आणि उद्या जातील.”