गाडीबरोबर आलेलं कार्ड कपाटात ठेवू नका



दसरा तोंडावर आलाय. सोयाबीनचे पैसे हातात आले की कुणी मोटारसायकल बघेल, कुणी पिकअप, कुणी ट्रॅक्टर. म्हणून आज फवारणीचा सल्ला नाही, शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलाचा सल्ला आहे. जरा मोठा मेसेज आहे, पण पूर्ण वाचा.

गेल्या दसऱ्याला आपल्या एका सभासद काकांनी मोटारसायकल घेतली. थोडे रोख, बाकी फायनान्स. टेबलावरच्या पोराने मोबाईलवर भराभर माहिती भरली, फोटो काढला, सह्या घेतल्या. नंबर दिला होता पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाचा. ओटीपी त्याच्याकडे जायचा, तो कामावरून फोनवर सांगायचा. एक झाला, दोन झाले, चार झाले. कुठला ओटीपी कशाचा, हे ना बापाने विचारलं ना लेकाने. गाडीला हार घातला, पेढे वाटले, गाडी घरी आली.

दिवाळीनंतर पाकीट आलं. आत चकचकीत क्रेडिट कार्ड. “मागितलं नाही, वापरायचं नाही,” म्हणून काकांनी ते सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिलं. यंदा जूनमध्ये पाइपलाइनच्या कर्जाला बँकेत गेले, तर साहेबांनी सिबिल काढून दाखवलं. कार्डाची थकबाकी! वार्षिक फी ४९९ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५८९. ती भरली नाही म्हणून दर महिन्याला लेट फी आणि तिच्यावर परत जीएसटी. एका रुपयाची खरेदी न करता आकडा साडेतीन हजारांच्या पुढे गेलेला. बिलाचे मेसेज मुलाच्या मोबाईलवर येत होते. त्याने फसवणुकीचे समजून पुसून टाकले. त्याला तरी काय बोलणार, अनोळखी मेसेज उघडू नका असं आपणच इथे सांगत असतो.

आता नियम बघू. न मागता क्रेडिट कार्ड देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंद आहे. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड दिलं, चालू केलं आणि बिल लावलं, तर बँकेने ती रक्कम ताबडतोब मागे घ्यायची आणि वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. कार्ड देऊन ३० दिवस झाले तरी ग्राहकाने चालू केलं नसेल, तर चालू करायला ओटीपीने संमती मागावी लागते. ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं फुकट बंद करायचं. कार्ड चालू होण्याआधी त्याची माहिती सिबिलसारख्या कंपनीला कळवायची नाही, असंही नियम सांगतो.

मग काकांचं कुठे अडलं? त्या चार ओटीपींत. बँक म्हणाली, “तुमच्या नंबरवरून संमती आली आहे.” कागदावरची सही निदान डोळ्यांना दिसते. फोनवर सांगितलेला ओटीपीही सहीच असतो, पण तो कुठल्या कागदावर पडला ते दिसत नाही. म्हणून टेबलावर बसल्यावर ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायचा, नुसता आकडा सांगायचा नाही. त्यात ‘कार्ड’ शब्द दिसला की तिथेच थांबा. “कार्ड घेतल्याशिवाय कर्ज पास होत नाही,” असं कुणी म्हणालं तर म्हणा, तेवढं लिहून द्या. बहुतेक वेळा लिहून कुणी देत नाही.

आणखी एक गोंधळ होतो. “शेतकऱ्यांना क्रेडिट कार्ड मिळतंय” म्हटलं की आपल्या माणसाला किसान क्रेडिट कार्ड वाटतं. ते पीककर्ज, तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर चार टक्क्यांनी पडतं. शोरूमच्या कार्डावर थकलेल्या रकमेचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. नावात साम्य आहे, बाकी काही नाही.

गाडीच्या कर्जाचा एक मुख्य माहितीचा तक्ता असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. मराठीत मागा. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

कार्ड घरी येऊन पडलंच असेल तर कात्रीने कापून ते बंद होत नाही. कार्डावर फायनान्स कंपनीचं नाव मोठं असलं, तरी देणारी बँक कोणती ते शोधा. अर्ज तिच्याकडे करायचा, शोरूमकडे नाही. अर्ज असा: “हे कार्ड मी मागितलेलं नाही. माझ्या संमतीचा पुरावा व अर्जाची प्रत द्यावी. लावलेली सर्व रक्कम रद्द करून खाते बंद करावे व तसे लेखी कळवावे.” पोच घ्या. काही बाकी नसताना बंद करायला सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त लावले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

रागाच्या भरात गाडीचा हप्ता मात्र थांबवू नका. ते कर्ज वेगळं, कार्ड वेगळं. आणि “कार्ड बंद करून देतो, ओटीपी सांगा” असा फोन आला तर लगेच ठेवून द्या.

काकांच्या अर्जाला तीन आठवडे लागले. बँकेने सगळी रक्कम रद्द केली, खातं बंद केलं. दुप्पट दंड द्यायला नकार दिला, म्हणून ती तक्रार आता लोकपालाकडे आहे. सिबिलमधली नोंद दुरुस्त करायलाही वेगळा अर्ज दिलाय. पाइपलाइन रब्बीच्या आधी व्हायची होती, ती अजून झालेली नाही.

ज्यांच्या घरी असं पाकीट पडलंय त्यांनी मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, कर्जाचे कागद आणि मोबाईल घेऊन कार्यालयात या. अर्ज इथेच लिहून देऊ. कार्डाचा फोटो मात्र या नंबरवर पाठवू नका.